शब्दचर्चा : अंडाशय हार्मोन ‘स्रवतं’ की ‘बनवतं’?

घोडबंदरकर : मंडळी, गायीम्हशींच्या माजावरच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करतेय. अंडाशयाबद्दल ‘स्टेरॉइड संप्रेरक (म्हणजे हार्मोन) स्रवतं’ असं लिहिलं तर ऑफिसातला एक जण म्हणतो स्रवणं म्हणजे पाझरणं, बनवणं कुठे आलं त्यात? आणि स्टेरॉइडचं काय करू, आमच्या ठाण्यात स्टेरॉइड म्हटलं की लोकांना जिमच आठवते.

ऐरोलीकर : ताई, तुमचा ऑफिसवाला बरोबर बोलतोय. इन्सुलिन कसं, पेशीत आधीच बनवून बारीक पिशव्यांत भरलेलं असतं, इशारा आला की बाहेर, तिथे स्रवणं शोभतं. स्टेरॉइड म्हणजे तव्यावरून थेट ताटात पोळी! ते मेदात विरघळणारं, पेशीच्या पडद्यातून आपसूक निसटतं, साठवणार कसं? साठा असतो तो कोलेस्टेरॉलचा. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीकडून एलएच हे हार्मोन आलं की स्टार नावाचं प्रोटीन ते कोलेस्टेरॉल मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाघराच्या) आतल्या पडद्याशी पोचवतं, तिथे २७ कार्बनच्या रेणूची शेपटी कापून २१ कार्बनचं प्रेग्नेनोलोन होतं, मग पुढे टेस्टोस्टेरॉन १९ चं, इस्ट्रॅडिओल हे मादी हार्मोन १८ चं, सगळी कापाकापीच. मी ‘घडवतं’ लिहीन.

कळवेकर : घडवतात मूर्ती, हो. साधं ‘बनवतं’ लिहा ना. पण नुसतं अंडाशय म्हणून मोकळ्या होऊ नका ताई, पुटकाच्या, म्हणजे बीज वाढतं त्या पिशवीच्या, बाहेरच्या थीका पेशी अँड्रोजेन (टेस्टोस्टेरॉनच्या गटातलं हार्मोन) बनवतात आणि ते आतल्या ग्रॅन्युलोसा पेशींकडे जातं, त्यांच्याकडे अरोमाटेज एन्झाइम असतं, ते त्याचं इस्ट्रॅडिओल करतं. एकट्या थीकाला हे धड जमत नाही, एकट्या ग्रॅन्युलोसालाही नाही. बीज सुटलं की त्याच जागी पीतपिंड, तो प्रोजेस्टेरॉन बनवतो. गर्भ राहिला नाही तर १६-१७ व्या दिवसाच्या सुमाराला गर्भाशयाकडून प्रोस्टाग्लँडिन हे हार्मोनसारखं द्रव्य येतं, पीतपिंड विरतो आणि साधारण २१ दिवसांनी गाय परत माजावर. भरवल्यावरही (वळू दाखवून किंवा रेतन करूनही) परत माजावर आली तर आमच्या गावाकडे ‘गाय उलटली’ म्हणतात.

घोडबंदरकर : उलटली घेतेच. पण पीतपिंड कळेल का कोणाला?

ऐरोलीकर : गोठ्यात कोणी बोलत नाही हा शब्द, पण गायीत तो खरोखर पिवळा-नारिंगी दिसतो, कॅरोटीनमुळे. म्हशीत तेवढा पिवळा नसतो, म्हणजे म्हशीच्या पानावर नाव जरा फसवंच. तिथे ‘प्रोजेस्टेरॉन बनवणारी गाठ’ असं एकदा उलगडून सांगा. स्टेरॉइड तसंच राहू द्या, तो चार कड्यांच्या सांगाड्याच्या रेणूंचा अख्खा गट आहे, जिमवाल्यांना आंदण दिलेला नाही 😄

घोडबंदरकर : मग हे बघा : ‘अंडाशयातल्या पेशी कोलेस्टेरॉलपासून स्टेरॉइड हार्मोन बनवतात आणि ते रक्तात मिसळतं.’ नराच्या परिच्छेदात ‘बैलाच्या वृषणातल्या लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात’ असं केलंय.

कळवेकर : पहिलं झकास. दुसऱ्यात बैल काढा आणि वळू टाका, आपल्याकडे बैल म्हणजे खच्ची केलेला, त्याच्यात कुठल्या लायडिग पेशी शोधणार?