रोमकरांस पत्र, अध्याय ९: माझा भाऊ 'निवडलेला' नव्हता, असं कुणी सांगू शकतं का?

मिरजेची लेक

नमस्कार. जरा लांबलचक आहे, पण पूर्ण वाचा ही विनंती.

माझा धाकटा भाऊ जुलैमध्ये गेला. वय ४१. दारूने लिव्हर गेलं होतं. शेवटचे नऊ दिवस मी पुण्याहून येऊन त्याच्या उशाशी होते. सातव्या की आठव्या रात्री म्हणाला, "ताई, मला प्रार्थना जमत नाही. तू म्हण, मी ऐकतो." मी 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणायला लागले. तो डोळे मिटून माझा हात धरून पडला होता. 'आमची ऋणे आम्हांस सोड' आलं तेव्हा त्याने माझं बोट दाबलं. जोर नव्हता अंगात, पण दाबलं हे नक्की. पुढे त्याचं बोलणंच बंद झालं.

दफनानंतर घरी प्रार्थनेला मंडळी आली. त्यांच्यात एक तरुण प्रचारक होता, आमच्या मंडळीतला नव्हे. तो आईला म्हणाला की कुणाचं तारण व्हायचं याची निवड देवाने जगाच्या स्थापनेपूर्वीच केलेली असते, आणि निवडलेला माणूस असा दारूत संपत नाही. बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्राचा नववा अध्याय उघडून दाखवला: जुळ्या भावांपैकी याकोबावर देवाची प्रीती, एसावाचा द्वेष, आणि मातीचं काय करायचं ते ठरवणारा कुंभार. आई ७८ वर्षांची. त्या दिवसापासून शास्त्र उघडलं की तेच पान. पानाचा कोपरा बोटाने मऊ पडलाय. शेजारच्या काकू समजूत काढायला म्हणाल्या, "प्रारब्ध असतं एकेकाचं." तर आई मला म्हणते, "बघ, त्यासुद्धा तेच म्हणतात."

आमचं घराणं अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या काळापासूनचं. लहानपणी धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी पाठ केली आहे. देव सार्वभौम आहे हे मला नाकारायचं नाही. पण मग ते बोट कुणी दाबलं? त्याने, की तेही आधीच ठरलेलं होतं? आणि आईला मी काय सांगू?

निवृत्त पाळक, नगर

ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. आधी त्या प्रचारकाबद्दल. तो ज्या परंपरेच्या नावाने बोलला, ती सोळाव्या शतकातल्या कॅल्विन या प्रोटेस्टंट सुधारकाची; ती मी आयुष्यभर शिकलो आणि शिकवली. हॉलंडमध्ये या शिकवणीवर शंका घेणारा धर्मपंडित आर्मिनियस १६०९ मध्ये वारला. त्याच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच कलमं मांडली: निवड विश्वासाच्या पूर्वज्ञानावर आहे, कृपा नाकारता येते, वगैरे. त्यांना उत्तर द्यायला १६१८-१९ मध्ये डॉर्टची धर्मसभा बसली आणि तिने ठरवलं की निवड बिनशर्त आहे, माणसातलं काही बघून केलेली नाही. इतकी कडक शिकवण दुसरीकडे सापडणार नाही. पण 'अमका निवडलेला नाही' असं नाव घेऊन सांगायचा अधिकार तीही कुणाला देत नाही. १६४० च्या दशकातल्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्रात, म्हणजे प्रेस्बिटेरियनांच्या विश्वासाच्या जाहीरनाम्यात, या विषयावरच्या तिसऱ्या अध्यायाचं शेवटचं कलमच असं आहे की हे खोल रहस्य विशेष जपून आणि काळजीने हाताळावं. त्या प्रचारकाने ते कलम वाचलेलं दिसत नाही.

खुद्द कॅल्विन या ठिकाणी प्राचीन मंडळीतला आचार्य ऑगस्टीन याचाच आधार घेतो: निवडलेल्यांत कोण आहे हे आपल्याला माहीत नाही, म्हणून सगळ्यांचंच तारण व्हावं अशी इच्छा धरावी. आणि निवडीची खात्री हवी असेल तर आपल्या आयुष्यात डोकावू नका, ख्रिस्ताकडे बघा, तोच आरसा, असंही तो सांगतो. तुमच्या आईला मुलाच्या बाटल्या मोजायला लावणं हे कॅल्विनच्याही विरुद्ध आहे.

आता प्रारब्ध. काकूंनी मायेनेच म्हटलं असणार, पण हे दोन शब्द एक नव्हेत. प्रारब्ध म्हणजे आपल्याच कर्माचं फळ, या जन्मी भोगायचं. रोम ९:११ मध्ये पौल अगदी उलट बोलतो: मुलं जन्मलीही नव्हती, त्यांनी बरंवाईट काही केलंही नव्हतं, तेव्हाच. म्हणजे तिथे कर्माचा हिशेबच नाही. कर्मावरून ठरत असतं, तर दारू त्याच्या विरुद्ध पुरावा झाली असती. ज्या अध्यायातून त्या प्रचारकाने दारूचा पुरावा काढला, तो अध्यायच असल्या पुराव्याला जागा देत नाही.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. कुंभाराचा दाखला पौलाच्या कितीतरी आधी जुन्या करारातल्या यिर्मया संदेष्ट्याने वापरला आहे. आईला यिर्मया १८ वाचून दाखवा. संदेष्टा कुंभाराच्या घरी जातो, कुंभार चाकावर काम करतोय, आणि हातातलं मडकं बिघडतं. तो ते फेकत नाही. त्याच मातीचं दुसरं भांडं करतो. लगेच पुढे देव सांगतो की एखाद्या राष्ट्राला मी उपटायचं ठरवलं आणि ते वळलं, तर मीही माझा बेत बदलीन. कुंभाराच्या हातात सत्ता आहे हे खरंच, पण ती सत्ता तो कशासाठी वापरतो तेही तिथेच लिहिलंय.

वसईचा आजोबा

ताई, मी कॅथलिक. आमच्यातही हे भांडण झालं, तेही चांगलंच. १५८८ मध्ये मोलिना नावाच्या जेझुइट संघातल्या धर्मगुरूने ग्रंथ लिहिला: कुठल्या परिस्थितीत कोण काय करील हे देवाला ठाऊक असतं आणि त्याप्रमाणे तो कृपा देतो, म्हणून माणसाचं स्वातंत्र्य शाबूत राहतं. डोमिनिकन या दुसऱ्या संघातला बान्येझ म्हणाला, छे, यात कृपाच दुबळी होते. रोममध्ये वर्षानुवर्षं सुनावण्या चालल्या. १६०७ मध्ये पोप पाचव्या पौलाने दोन्ही बाजूंना घरी पाठवलं आणि बजावलं की एकमेकांना पाखंडी म्हणू नका. निकाल आजतागायत लागलेला नाही. एवढ्या विद्वानांना जे सुटलं नाही, ते त्या पोराने तुमच्या बैठकीच्या खोलीत पाच मिनिटांत सोडवलं, याचा मला फार राग आला.

तुमच्यात मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत हे मला माहीत आहे. आम्ही करतो. २ नोव्हेंबरला माझ्या बायकोच्या नावाबरोबर 'मिरजेचा एक भाऊ' अशी मेणबत्ती लावीन. चालेल ना?

मेथडिस्ट, पुणे कॅम्प

पाळकसाहेबांचा मान राखून बोलतो, पण मला एवढ्यावर थांबता येत नाही. 'नाव घेऊन सांगू नका' म्हटल्याने शिकवणीचा काटा निघत नाही. यादी आधीच बंद असेल, तर ती कुणी वाचून दाखवली नाही म्हणून आईचं दुःख कसं कमी होणार? आमच्या मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली १७३९ मध्ये याच मुद्द्यावर, निवडीची शिकवण मानणाऱ्या जिवलग मित्र जॉर्ज व्हाइटफील्डविरुद्ध उभा राहिला. सगळ्यांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे, हे १ तीमथ्य २:४ मध्ये स्पष्ट आहे. कृपा आधी येते हे आम्हीही मानतो. ती आधी आली म्हणूनच बोट दाबायची ताकद आली. दाबलं मात्र त्याने.

निवृत्त पाळक, नगर

तुमचा आक्षेप खरा आहे आणि मी तो झटकत नाही. चाळीस वर्षं तो माझ्याही मनात आहे. मी फिलिप्पै २:१२-१३ पाशी येऊन थांबतो: आपलं तारण साधून घ्या, कारण इच्छा करणं आणि कृती करणं हे दोन्ही तुमच्या ठायी देवच घडवतो. पौल ही दोन्ही वाक्यं एका श्वासात बोलतो. मला त्यातलं एकही सोडवत नाही. आणि मित्रा, व्हाइटफील्ड १७७० मध्ये गेला तेव्हा त्याच्या स्मरणाचं प्रवचन वेस्लीनेच दिलं, तेही व्हाइटफील्डच्याच इच्छेनुसार. तेवढं नातं आपण राखू.

मिरजेची लेक

सगळ्यांचे आभार. वसईच्या आजोबा, मेणबत्ती जरूर लावा. आईलाही सांगितलं, ती काही बोलली नाही, फक्त मान हलवली.

रविवारी मिरजेला गेले होते. दुपारी जेवणं झाल्यावर यिर्मया १८ वाचून दाखवला. आईच्या माहेरच्या घरामागे कुंभारवाडा होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ती म्हणाली, "चाकावर मडकं वाकडं झालं की कुंभार ते दाबून सपाट करायचा आणि परत मातीच्या गोळ्यात मळायचा. आम्ही पोरं बघत बसायचो. बिघडलेली माती कधी टाकली नाही त्याने."

मला हायसं वाटलं. पण आई तिथे थांबली नाही. तिने पान उलटून पुढचा अध्याय काढला. मी तो वाचायचं मुद्दाम टाळलं होतं, कारण यिर्मया १९ मध्ये कुंभाराचं तयार मडकं फोडतात आणि ते पुन्हा जोडता येत नाही. आई म्हणाली, "आव्यातून भाजून निघालेलं मडकं फुटलं, तर मग कुंभाराचाही इलाज नसतो."

मला काही सुचेना. आजोबा, पाळकसाहेब, त्या क्षणी तुमचं एकही वाक्य मला आठवलं नाही. मी फक्त त्या रात्रीचं सांगितलं, त्याने बोट दाबल्याचं. ते आईला आजवर सांगितलंच नव्हतं, रडेल म्हणून.

तिने माझा हात हातात घेतला आणि विचारलं, कुठलं बोट. मी दाखवलं. बराच वेळ ती ते धरून बसली. मग शास्त्र मिटून म्हणाली, "तो भाजलेला कुठे होता गं? कच्चाच होता माझा पोरगा, शेवटपर्यंत."