माजी सैनिकांच्या घरच्यांसाठी आम्ही बायकांनी नेमकं काय करावं? (नागपूर)

मानेवाडा_मंडळ:
नमस्कार. आमचा मानेवाडा-बेसा साइडचा बायकांचा ग्रुप आहे, भिशी पण चालते आणि थोडंफार समाजकार्य पण. दोघीतिघी रिटायर्ड शिक्षिका, एक बँकेतून व्हीआरएस घेतलेली, बाकी गृहिणी. दरवर्षी सीमेवर राख्या पाठवतो, 26 जानेवारीला सोसायटीत एखाद्या माजी सैनिकाला बोलावून शाल-श्रीफळ देतो. यंदा ज्या काकांना बोलावलं ते हसत हसत म्हणाले, ताई शाली आता कपाटात मावत नाहीत, तुमच्यातल्या कोणाला मोबाइलवर हयातीचा दाखला काढता येत असेल तं ते सांगा. आता आमच्यातल्या कोणाच्याच घरात फौजेतलं कोणी नाही, त्यामुळे काय अडतं हेच माहीत नाही. पैसे गोळा करण्यापेक्षा वेळ द्यायची तयारी आहे. सुरुवात कुठून करायची?

कामठीची_वहिनी:
काका बरोबर बोलले बघा. माझे मिस्टर सुभेदार म्हणून रिटायर झाले, गार्ड्स रेजिमेंटचं सेंटर इथेच कामठीला म्हणून आम्ही इथेच घर बांधलं, त्यामुळे दारात रोज कोणी ना कोणी कागद घेऊन येतंच. सगळ्यात जास्त गर्दी नोव्हेंबरमध्ये. पेन्शन चालू राहायला हयातीचा दाखला दरवर्षी लागतो (80 वर्षांवरच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो), आणि म्हाताऱ्या माणसांचे बोटाचे ठसे मशीनवर उमटतच नाहीत, शेतात राबलेल्या बाईचे तर नाहीच नाही. आता जीवन प्रमाणमध्ये (ऑनलाइन हयातीच्या दाखल्याची सरकारी सोय) मोबाइलसमोर चेहरा दाखवून काम होतं. फक्त एक बघा, फौजेची बरीचशी पेन्शन आता बँकेकडून काढून स्पर्श या संरक्षण खात्याच्या पेन्शन पोर्टलवर गेली आहे, तर फॉर्म भरताना तिथे बँक न निवडता स्पर्श निवडावं लागतं. बरेच जण जुन्या सवयीने बँकेचंच नाव टाकतात, दाखला भलतीकडे जातो, मग पेन्शन थांबली की धावपळ. आधी पेन्शन कुठून येते ते विचारा, मग मोबाइल हातात घ्या.

दुसरं म्हणजे, हे काम माजी सैनिकापेक्षा त्याच्या बायकोसाठी करा. तो असतो तोवर कँटीनचं कार्ड, ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या योजनेचं) कार्ड, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, सगळं त्याच्या ट्रंकेत. तो गेला की बाईला ट्रंकेची किल्ली कुठे तेही माहीत नसतं. नवरा जिवंत असतानाच तिला एक फाइल करून द्या, पीपीओची झेरॉक्स, डिस्चार्ज बुक, आधार, जॉइंट खात्याचं पासबुक. लोकांना अपशकुन वाटतो हे बोलायला, पण बायका बायकांशी बोलल्या तर चालतं.

काटोल_लाइन:
वहिनींच्या फाइलच्या मुद्द्याला माझा दुजोरा. माझे बाबा महार रेजिमेंटमध्ये होते. ते गेल्यावर आईच्या फॅमिली पेन्शनला घोळ झाला, काऊन तं रेकॉर्डमध्ये तिचं माहेरचं हाक मारायचं नाव आणि आधारवर लग्नानंतरचं नाव. जन्मतारीख पण वेगळी, त्या काळी कोण जन्मतारीख लिहून ठेवत होतं बाप्पा. एका बँकेच्या काउंटरवरून तर आईला सरळ परत पाठवलं की बाई, ही तुम्ही नाहीच. शेवटी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून प्रतिज्ञापत्र वगैरे लावून सागरला (मध्य प्रदेश) रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे कागद गेले तेव्हा हललं. म्हणून सांगते, नाव आणि जन्मतारीख जुळते का हे माणूस हयात असतानाच तपासा. तुमच्यातल्या शिक्षिकांसाठी हे काम एकदम फिट आहे, शाळेत दाखल्यावरच्या स्पेलिंगा तपासायची सवय असतेच.

टेकडी_रोड:
कडू बोलतो, राग मानू नका. दर वर्षी कोणतं ना कोणतं महिला मंडळ येतं, फोटो काढतं, फेसबुकवर टाकतं, पुढच्या वर्षी दुसरं मंडळ. वीरनारीला, म्हणजे शहीद जवानाच्या पत्नीला, स्टेजवर बसवून माइकवर तिच्या नवऱ्याचा शेवटचा प्रसंग सांगायला लावतात, हे तर बंदच करा. करायचं असेल तर चार घरं धरा आणि तीच धरून ठेवा.

कामठीची_वहिनी:
@टेकडी_रोड दादा, हाव, खरं आहे. पण फौजी घरातल्या बायकांची आवा असतेच की, आर्मी वाइव्ह्ज वेल्फेअर असोसिएशन, 1966 पासूनची. फक्त तिचा वावर जास्त करून युनिट-स्टेशनच्या आसपास. जो हवालदार रिटायर होऊन उमरेड-भिवापूरकडच्या गावात गेला त्याच्या घरी कोण जातं? तिथे या ताईंसारख्या बायका लागतात.

जुनी_वकीलबाई:
दोन-तीन गोष्टी पटापट सांगते. एक, सगळ्याच माजी सैनिकांना पेन्शन नसते, जवानाला 15 वर्षं भरावी लागतात, आधी बाहेर पडलेल्याला नाही. हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याचा, 65 च्या वरचा, पेन्शन नसलेला कोणी दिसला (किंवा त्याची विधवा) तर केंद्रीय सैनिक बोर्डाची महिन्याची मदत असते, 4,000 ची 8,000 केली आहे 2025 मध्ये. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून. हीच माणसं सगळ्यात मागे राहतात, कारण ती ईसीएचएसच्या लाइनीत दिसत नाहीत, कँटीनमध्ये पण क्वचितच. दोन, राज्याने 2020 पासून माजी सैनिक आणि विधवांना एका घराचा घरपट्टी माफीचा लाभ दिला आहे, मनपा-ग्रामपंचायतीत अर्ज करावा लागतो, पुष्कळांनी केलेलाच नाही. आणि तिसरं महत्त्वाचं, कोणाचेही ओरिजिनल कागद घरी आणू नका, ओटीपी स्वतःच्या फोनवर घेऊ नका, पासवर्ड तुमच्या डायरीत लिहू नका. तुमच्या मनात काही नसेल पण उद्या खात्यातून पैसे गेले की पहिलं नाव तुमचंच येईल. त्यांच्या घरात, त्यांच्या मुला-सुनेसमोर बसून करा.

मानेवाडा_मंडळ:
बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. टेकडी_रोड दादांचं पटलं, यंदा स्टेज नाही. अजून एक विचारायचं होतं. आमच्या गल्लीतले एक जण चाळिशीत रिटायर होऊन आले, आता बारा बारा तास सिक्युरिटीची ड्युटी करतात, घरी आले की पितात आणि चिडतात. त्यांच्या मिसेस आमच्याकडे रडल्या. यात आपण पडावं का?

कामठीची_वहिनी:
नवऱ्याला समजवायला जाऊ नका, उलटं पडतं. फौजेत वीस वर्षं हुकूम चालला, इथे मुलं ऐकत नाहीत, सुपरवायझर पोरगेलासा, ते सगळं बाटलीत उतरतं. तुम्ही तिच्याशी मैत्री ठेवा, तिला तुमच्या भिशीत घ्या, तिच्या हातात स्वतःचा थोडा पैसा राहील असं बघा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर तिला द्या, मराठीत बोलता येतं, फुकट आहे. हात उचलत असेल तर मात्र गप्प बसायचं नाही, महिला हेल्पलाइन 181.

जुनी_वकीलबाई:
हो, आणि हात उचलला तर तो फौजी आहे म्हणून सांभाळून घ्या असं सांगणारे शेजारी निघतील, त्यांचं ऐकू नका.

काटोल_लाइन:
ताई, सैनिक कल्याण कार्यालयात पहिल्यांदा जाल तेव्हा कल्याण संघटकांना भेटा, ते स्वतः माजी सैनिक असतात आणि तालुक्यांना दौरे करतात. त्यांना विचारा, कोणत्या गावात कागद अडलेत. सोमवारी सकाळी नका जाऊ, लाइन असते. आणि काटोलकडे यायचं ठरलं तर मला मेसेज करा, माझी आई सोबत येईल, फॅमिली पेन्शनचा फॉर्म तिला आता पाठ झाला आहे.