व्होल्वोच्या पुण्याईचा हिशेब

निरंजन जो.
गेल्या आठवड्यात येथे आलेल्या, व्होल्वो या स्वीडिश मोटार कंपनीवरील लेखातील दोन विधाने मला काही केल्या पचली नाहीत, म्हणून हा वेगळा धागा. पहिले विधान असे, की मोटारीतील सुरक्षिततेचा प्रत्येक मोठा शोध या कंपनीनेच लावला. दुसरे असे, की १९५९ मध्ये आपला तीन-बिंदू पट्टा (छाती आणि कंबर दोन्ही धरणारा, तीन जागी अडकणारा आसनपट्टा) सर्वांना विनामूल्य वापरू देऊन तिने नफ्यावर पाणी सोडले.

अमेरिकेत नॅश कंपनी १९४९ मध्येच कंबरपट्टा देत होती आणि ग्रिसवोल्ड व डीहेवन यांना तीन-बिंदू पट्ट्याचे पेटंट १९५५ मध्ये मिळाले होते. धडकेत गाडीची दोन्ही टोके चुरगळावीत आणि मधला पिंजरा शाबूत राहावा, ही कल्पना मर्सिडीझच्या बेला बारेन्यी यांची. १९७८ मध्ये बॉशच्या साथीने एबीएस (करकचून ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणले तेही मर्सिडीझनेच. लेखकाने १९९० च्या जाहिरातीबद्दल तर अवाक्षरही काढलेले नाही. त्या जाहिरातीत अवाढव्य चाकांचा एक ट्रक ओळीने उभ्या मोटारींवरून जातो, बाकी सर्वांची टपे चपटी होतात आणि व्होल्वोचे तेवढे ताठ राहते. प्रत्यक्षात तिच्या टपाला आतून पोलादाचे आणि लाकडाचे टेकू दिले होते आणि इतर गाड्यांचे खांब कापून ठेवले होते. टेक्सास राज्याने दावा लावल्यावर जाहिरात मागे घ्यावी लागली. याला पुण्याई म्हणतात काय?

यंत्रवेडा
निरंजनराव, जाहिरात खात्याच्या पापाचा जाब आपण अभियंत्यांना विचारत आहात. ग्रिसवोल्ड-डीहेवन यांचा पट्टा इंग्रजी वाय अक्षरासारखा होता आणि त्याची बक्कल पोटावर येत असे. म्हणजे धडकेचा सगळा भार जिथे हाड नाही, तिथे. निल्स बोलिन १९५८ मध्ये व्होल्वोत आले, त्यापूर्वी ते साब कंपनीत वैमानिकाला विमानातून बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करत होते. त्यांनी एकच सलग पट्टा घेतला, त्याचा एक भाग छातीवरून व दुसरा कंबरेवरून नेला आणि दोन्ही भाग आसनाच्या बाजूला, खाली, एका टोकाशी मिळवले. भार बरगड्यांनी आणि कंबरेच्या हाडांनी घ्यायचा, मऊ पोटाने नव्हे, आणि हे सारे एका हाताने लावता आले पाहिजे. आज आपल्या आठ लाखांच्या गाडीतही हीच भूमिती आहे, वाय आकाराचा पट्टा शोधूनही सापडणार नाही. पहिला असण्यापेक्षा बरोबर असणे मोठे, असे मी चाळीस वर्षे कारखान्यात काढल्यावर म्हणतो.

निरंजन जो.
भूमिती मान्य. पण पेटंट खुले करण्यात धंदा नव्हता, हे कशावरून? १९५९ मध्ये गिऱ्हाइकाला पट्टा नकोच होता. सगळ्यांनी तो बसवला तरच लोकांना त्याची सवय होणार, आणि सवय झाली की तो गाडीत मुळातच बसवून देणारी पहिली कंपनी आपोआप नाव मिळवणार.

यंत्रवेडा
असेल धंदा. धंदा करून माणसे वाचत असतील, तर असे धंदेवाईक चार आणखी मिळोत.

अनुजा (गोथेनबर्ग)
पट्ट्यावरच सगळे अडकले आहेत, म्हणून लिहिते. माझ्या मते स्वीडनचे खरे काम लहान मुलांच्या आसनाचे आहे. येथील चाल्मर्स तंत्रविद्यापीठाचे डॉ. बर्टिल आल्डमान यांनी १९६४ मध्ये पाठमोऱ्या आसनाचा पहिला नमुना व्होल्वोच्या गाडीत तपासला; अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर टेकून बसतात, त्यावरून त्यांना ते सुचले होते. बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान कच्ची. तोंड पुढे असेल तर धडकेत सगळा झटका मानेला बसतो, पाठमोरे असेल तर तोच झटका संपूर्ण पाठीवर पसरतो. येथे स्वीडनमध्ये मुले चार वर्षांची होईपर्यंत अशीच बसतात आणि कुणाला त्यात वावगे वाटत नाही.

गेल्या दिवाळीत मी मुलीचे आसन विमानातून नाशिकला आणले. सासूबाईंनी ते पाहिले आणि म्हणाल्या, “अगो, लेकराला असं भिंतीकडं तोंड करून कशाला बसवतेस? दे इकडे मांडीवर.” गाडी निघेपर्यंत दारात वाद. शेवटी नवऱ्याने चावी खिशात घातली आणि मूल आसनात बसल्याखेरीज गाडी निघणार नाही, असे सांगितले. सासूबाई त्र्यंबकेश्वरापर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

दिनकरराव
अनुजाताई, परदेशी राहून सासूचा उद्धार करणे सोपे असते. आमची तिन्ही मुले आईच्या मांडीवर बसून अंबाबाईला आणि पंढरपूरला गेली, तिन्ही धडधाकट आहेत. आईच्या हातांपेक्षा प्लॅस्टिकचा टोप भारी, हे शहाणपण आम्हांला शिकवू नये.

अनुजा (गोथेनबर्ग)
दिनकरकाका, आईचे प्रेम किती, हा प्रश्नच नाही. तिच्या मनगटात बळ किती, एवढाच आहे. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोचे मूल सुमारे १४० किलो वजनाच्या ओढीने पुढे जाते. आपण १४० किलोचे पोते हातांत धरून दाखवा, मी आसन विकून टाकते. आपली तिन्ही मुले धडधाकट राहिली, कारण आपली गाडी कुठे धडकली नाही, आणि त्याबद्दल मला मनापासून आनंद आहे.

दिनकरराव
हा उर्मटपणा आहे.

रस्त्यावरचा
आसनावरून भांडताय, पण आपल्याकडे मागे बसणारा मोठा माणूससुद्धा पट्टा लावत नाही. पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर २०२२ मध्ये झालेल्या अपघातात मागे बसलेले दोघे गेले. गाडी महागडी जर्मन होती आणि पट्टे मागेही होते. त्यानंतर पंधरा दिवस सगळे पट्टा लावत होते. आता माझे मेहुणे मागच्या पट्ट्याच्या बकला आसनाच्या फटीत खुपसून त्यावर चादर घालतात, कारण त्या टोचतात.

पिंट्या सोलापूरकर
व्होल्वोचा विषय निघालाच आहे, तर पुण्याच्या रात्रीच्या गाडीत चालक बेल्ट लावत नाही आणि एसी इतका वाढवतो की कुडकुडत बसावे लागते, यावरही कुणी लिहावे.

यंत्रवेडा
पिंटू, बस बनवणारी व्होल्वो आणि मोटारी बनवणारी व्होल्वो या १९९९ पासून वेगळ्या आहेत. मोटारींचा विभाग तेव्हा फोर्डने घेतला आणि २०१० पासून तो चीनच्या गीलीकडे आहे. एसीचे कुणालाच विचारू नका.

निरंजन जो.
मालकी फोर्डकडे गेली, मग गीलीकडे गेली, तरी ‘स्वीडिश सचोटी’ तशीच राहिली म्हणे! असो. धागा मांडीवर जाऊन बसला आहे, तो परत आणतो. १९६७ मध्ये बोलिन यांनी स्वीडनमधील २८ हजारांहून अधिक अपघातांचा अहवाल मांडला. पट्टा न लावलेले लोक सर्व वेगांत दगावले होते. पट्टा लावलेल्यांपैकी ताशी सुमारे ९६ किलोमीटरच्या आत कुणीही नाही. पट्टा ज्यांचा, अहवालही त्यांचाच, ही माझी हरकत कायम आहे. परंतु स्वतःच्याच गाड्यांचे अपघात गोळा करून, त्यांत किती मेले हे जगापुढे मांडणारी दुसरी कंपनी त्या काळात मला दाखवता येत नाही, एवढे नाइलाजाने लिहितो. टपाखालचे टेकू मात्र मी विसरणार नाही.

यंत्रवेडा
विसरू नका. १९९४ मध्ये ८५० मॉडेलमध्ये बाजूची एअरबॅग पहिल्यांदा आली, तेही जमल्यास लक्षात ठेवा.

दिनकरराव
नातवासाठी ते पाठमोरे आसन कोल्हापुरात कुठे मिळते, हे कुणी सांगेल काय? सून मागे लागली आहे. अनुजाताईंनी उत्तर दिले नाही तरी चालेल.

अनुजा (गोथेनबर्ग)
काका, मिळेल. फक्त त्यावर आय-साइझचे (मुलांच्या आसनांच्या सुरक्षा-मानकाचे) चिन्ह आहे ना, ते बघून घ्या, आणि पुढच्या आसनावर एअरबॅग चालू असताना ते तिथे कधीही बसवू नका. मागेच बसवा.