मोदूने घोडा दिला, राणी दिली, मग ओसाड जमिनीवरच का अडला?

झोपेचं_खोबरं:
रात्रपाळीत शिओंगनूंबद्दल (चीनच्या उत्तरेकडच्या गवताळ मुलखातले भटके घोडेस्वार) वाचत होतो, एक शंका डोक्यातून जात नाही. तूमान चान्यूला (चान्यू ही त्यांच्या राजाची पदवी) गादी धाकट्या मुलाला द्यायची होती. म्हणून थोरल्या मोदूला त्याने शेजारच्या युएची टोळ्यांकडे ओलीस धाडलं आणि मग युएचींवरच चाल केली. पोरगं तिथला उमदा घोडा पळवून परत आलं. पुढे ती शीळ घालणाऱ्या बाणांची गोष्ट. मोदूचा बाण जिथे जाईल तिथे सगळ्यांनी मारायचा, कचरेल त्याचं मुंडकं उडवायचं. आधी स्वतःचा घोडा, मग बायको, मग बापाचा घोडा, शेवटी बाप. इ.स.पू. २०९. इथवर कळलं.

मग पूर्वेकडच्या दोंगहू टोळ्यांनी नामी घोडा मागितला, दिला. राणी मागितली, तीही दिली! नंतर दोघांच्या मधली ओसाड पट्टी मागितली, तर गडी भडकला. "देऊन टाका" म्हणणाऱ्यांना ठार केलं आणि स्वारी केली. बायकोपेक्षा माळरान मोठं?

माणदेशी:
ओसाड कुणाच्या लेखी? आमचं घर मेंढरांचं. दिवाळी झाली की चुलते वाडा (मेंढरांचा कळप) घेऊन कोकणात उतरायचे, मी शाळेपायी आजीजवळ मागं राहायचो. आमच्या गावच्या माळाला सातबाऱ्यावर पोटखराब लिहिलंय. आजीला मात्र त्यातला कुठला उतार कोणत्या महिन्यात हिरवा असतो ते तोंडपाठ. लिहिणारा नांगरवाला असला की न नांगरलेली जमीन त्याला रिकामीच दिसणार.

ही गोष्ट आपल्याला सांगितली ती चीनच्या हान दरबारातल्या इतिहासकाराने, सीमा छियेनने. पण त्यानेच पुढं लिहिलंय की शिओंगनूंच्या २४ सरदारांना मुलूख वाटून दिलेला होता आणि पाणी-गवतामागं हिंडायचं ते त्याच हद्दीत. शरदात घोडी धष्टपुष्ट झाली की सगळे जमायचे, माणसांची नि जनावरांची मोजदाद व्हायची. म्हणजे मोकाट भटकंती नव्हती, हिशेब चोख होता. घोडा मोदूचा, राणी मोदूची (तिला कुणी विचारलं नाही, ते आहेच). दोन्ही देणं त्याच्या हातात होतं. पट्टी सगळ्यांची होती. ती दिली असती तर २४ जणांपैकी दुसऱ्या दिवशी कोण सोबत राहिलं असतं?

आणि बाप मारून नुकताच गादीवर बसलेला, घडी बसायला वेळ हवाच होता. दोनदा नमला म्हणून दोंगहू गाफील राहिले, तयारीच केली नाही.

कीस_काढणारा:
माणदेशी, पटलं. पण घोडा-बायको-बाप, मग घोडा-बायको-जमीन ही उतरंड फारच बेतीव वाटते. सीमा छियेनने हे लिहिलं मोदूच्या मृत्यूनंतर ७०-८० वर्षांनी, आणि शिओंगनूंचं स्वतःचं लिखाण हाती नाही. मला ही तंबूत शेकोटीभोवती घोळलेली गोष्ट वाटते.

त्यापेक्षा इ.स.पू. २०० चा वेढा बघा. हानांचा पहिला सम्राट लिऊ पांग स्वतः चालून गेला. कडाक्याची थंडी, दहांतल्या दोघा-तिघांची बोटं झडलेली. मोदू मुद्दाम मागे सरकत गेला, लिऊ पांग पायदळाच्या पुढे निघून आला आणि आजच्या दातोंगजवळ पायतंगच्या टेकडीवर सात दिवस अडकला. पश्चिमेला पांढरे घोडे, उत्तरेला काळे, दक्षिणेला तांबडे, पूर्वेला करडे. (४ लाख स्वारांचा आकडा मात्र मी गिळणार नाही.) मोदूच्या राणीकडे गुपचूप नजराणे गेले, तेव्हा कुठे एक कोपरा सैल झाला. पुढे हानांकडून राजकन्या, रेशीम, मद्य, धान्य दरवर्षी जाऊ लागलं. नाव सोयरिकीचं, व्यवहार खंडणीचा.

झोपेचं_खोबरं:
आणि लिऊ पांग वारल्यावर त्याच्या विधवेला, ल्यू सम्राज्ञीला, "तुम्हीही एकट्या, मीही एकटा" असं पत्र पाठवणारा हाच ना?

माणदेशी:
हाच. एक सेनापती म्हणाला, १ लाख फौज द्या, तुडवून येतो. दुसऱ्याने त्याला पायतंगची आठवण करून दिली. मग बाईंनी उत्तर लिहिलं की माझे केस-दात गळालेत, चालताही धड येत नाही. सोबत दोन रथ आणि घोडे पाठवले. मोदूनेही माफी मागून घोडे धाडले. असला अपमान गिळायला मोठी छाती लागते. मला तर त्या सगळ्या प्रकरणात बाईच शहाणी वाटते.

लेण्यातला_उंदीर:
नाशिककरांसाठी शेपूट जोडतो. इ.स.पू. १७६ च्या पत्रात मोदू फुशारकी मारतो की युएची मोडले, धनुष्य ताणणारे सगळे आता एका घरचे झाले. दोन वर्षांत तो गेला. त्याच्या मुलाने, लाओशांगने, युएची राजाच्या कवटीचा प्याला केला. युएची पश्चिमेला सरकले, त्यांच्या रेट्याने शक हलले, आणि पिढ्यांनंतर शकांचा क्षत्रप नहपान आपल्या दारात. पांडवलेण्यात गौतमी बलश्री आपल्या लेकाचं, गौतमीपुत्राचं, कौतुक करते ते शक-यवन-पल्हवांचा नाश करणारा म्हणून. जोगळटेंभीला १९०६ मध्ये नहपानाची १३ हजारांवर नाणी सापडली, त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला. मधे दोन-तीनशे वर्षं आणि शंभर भानगडी आहेत, तेव्हा "मोदूमुळे सातवाहन" असं फॉरवर्ड करू नका.

माणदेशी:
केलंय. घरच्या ग्रुपवर. चुलते विचारतायत, त्या मोदूकडं मेंढरं किती होती.