शेअर्ड होस्टिंग सोडून व्हीपीएस घ्यावा का? क्रॉलिंग, वेग आणि एसईओची इतर कामे

ऊसमळा (प्रश्न)

ऊस, हळद आणि द्राक्ष या पिकांविषयी मराठीतून माहिती देणारे वर्डप्रेसवरील संकेतस्थळ मी चालवतो. त्यावर सुमारे 1,800 लेख असून बहुतेक वाचक सांगली, कोल्हापूर आणि सोलापूर जिल्ह्यांतून मोबाइलवर येतात. सध्या संकेतस्थळ शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेक संकेतस्थळांनी मिळून वापरलेल्या एकाच सर्व्हरवर आहे. अलीकडे दुपारच्या वेळी 508 क्रमांकाची, म्हणजे संसाधनांची मर्यादा संपल्याची त्रुटी वारंवार दिसते आणि गुगल सर्च कन्सोलच्या (संकेतस्थळ गुगलला कसे दिसते ते मालकाला दाखवणाऱ्या सेवेच्या) क्रॉल अहवालातही, म्हणजे गुगलने पाने वाचल्याच्या नोंदींतही, सर्व्हरच्या त्रुटी वाढल्या आहेत. होस्टिंग कंपनीचे म्हणणे असे, की आता व्हीपीएस (मोठ्या सर्व्हरचा स्वतःपुरता राखीव आभासी भाग) घेण्याला पर्याय नाही. व्हीपीएस घेतल्याने शोधातील क्रमांक सुधारतो का, त्याच यंत्रावर साइट क्रॉलर (आपलीच सर्व पाने उघडून तपासणारे साधन) आणि क्रमांक तपासण्याची स्क्रिप्ट चालवता येईल का आणि सर्व्हर मुंबईतच असावा का, याविषयी अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे.

शोधयात्री

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात 'नाही' असे आहे. व्हीपीएस आहे म्हणून गुगल कोणाला वर नेत नाही आणि शेअर्ड होस्टिंगवर शेजारी कोण आहे म्हणून कोणाला खालीही ढकलत नाही. मात्र सर्व्हरने 5 ने सुरू होणारे त्रुटी-कोड वारंवार दिले, तर गुगलबॉट (पाने वाचत फिरणारा गुगलचा प्रोग्राम) आपला वेग आपणहून कमी करतो आणि ही स्थिती लांबली तर पाने अनुक्रमणिकेतून गळू लागतात. तुमच्या 508 चा खरा धोका तिथे आहे.

तरीही पैसे भरण्यापूर्वी, सर्व्हरवर भार नेमका कोणाचा येतो, हे पाहावे. सीपॅनेलमध्ये (होस्टिंगच्या नियंत्रण-पानावर) 'रॉ अ‍ॅक्सेस' या नावाखाली मूळ लॉग, म्हणजे प्रत्येक विनंतीची नोंदवही, उतरवून घेता येतो. त्यात दुपारच्या दोन-तीन तासांच्या नोंदी आयपी पत्ता आणि युजर एजंट (विनंती करणाऱ्याने स्वतःचे सांगितलेले नाव) यांनुसार मोजा. मराठी पत्ते लॉगमध्ये टक्के-चिन्हांच्या लांबलचक माळांच्या रूपात दिसतील. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-8 मध्ये तीन बाइट लागतात आणि प्रत्येक बाइटची तीन अक्षरे होतात, त्यामुळे ते आधी डीकोड करून घेतल्याशिवाय वाचता येणार नाहीत. (वर्डप्रेस लेखाच्या पत्त्याचा हा भाग 200 अक्षरांवर तोडते, म्हणून आपले मराठी पत्ते साधारण बावीस चिन्हांनंतर अर्धवट दिसतात. त्यात बिघाड काही नाही.)

युजर एजंटमध्ये 'गुगलबॉट' लिहिले आहे म्हणून तो गुगलचाच, असे समजू नका, कारण ते नाव कोणीही लावू शकतो. त्या आयपीचा उलटा डीएनएस शोध घ्यावा, म्हणजे आयपीवरून त्याचे नाव शोधावे. नाव गुगलबॉट डॉट कॉम किंवा गुगल डॉट कॉम यांवर संपले पाहिजे आणि त्या नावाचा सुलटा शोध घेतल्यावर पुन्हा तोच आयपी मिळाला पाहिजे. या दोन्ही चाचण्यांत न बसणाऱ्या 'गुगलबॉट'ला अडवल्याने एसईओचे (शोधात वर येण्यासाठीच्या कामाचे) काडीचेही नुकसान होत नाही.

टर्मिनलकाका

वरील मताशी मी सहमत आहे, पण व्हीपीएसची बाजूही मांडतो. 2 जीबी मेमरीच्या यंत्रावर वर्डप्रेस उत्तम चालते. मात्र पीएचपीच्या (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे तिच्या) एकेका प्रक्रियेला 50 ते 80 एमबी लागत असल्याने एकाच वेळी किती प्रक्रिया चालू द्यायच्या, ही मर्यादा स्वतः ठरवावी लागते. ती ठरवली नाही, तर मेमरी संपल्यावर लिनक्स सर्वांत जड प्रक्रिया मारून टाकतो, आणि ती बहुधा मायएसक्यूएल, म्हणजे डेटाबेस, असते. म्हणूनच साइट क्रॉलर त्याच यंत्रावर चालवू नये. स्क्रीमिंग फ्रॉगसारखे साधन 64-बिट संगणकावर मुळातच 2 जीबी मेमरी धरून चालते. ते घरच्या लॅपटॉपवरच बरे. त्याच्या मोफत आवृत्तीची मर्यादा 500 पत्त्यांची आहे, तेव्हा 1,800 लेख त्यात मावणारही नाहीत.

क्रमांक तपासणाऱ्या स्क्रिप्टचा विचार सोडून द्यावा. गुगलला स्वयंचलित प्रश्न पाठवणे त्यांच्या धोरणाविरुद्ध आहे, आणि डेटा सेंटरच्या आयपीला लवकरच कॅप्चा दिसू लागतो. त्याऐवजी सर्च कन्सोलच्या एपीआयवरून (प्रोग्रामला माहिती देणाऱ्या दारातून) रोजची आकडेवारी क्रॉनने (ठरलेल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीने) ओढून स्वतःच्या डेटाबेसमध्ये साठवावी. सर्च कन्सोल फक्त 16 महिन्यांचा इतिहास ठेवतो, तुमच्याकडे मात्र तो कायमचा राहील. पिकांच्या हंगामांची वर्षानुवर्षे तुलना करायची असेल, तर मला व्हीपीएसचा सर्वांत मोठा उपयोग हाच वाटतो.

विनाव्यवस्थापन व्हीपीएस घेतला, की एसएसएचचा (दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याच्या सोयीचा) पासवर्ड बंद करून त्याऐवजी डिजिटल किल्ली वापरणे, फायरवॉल, सुरक्षा-अद्यतने आणि दुसऱ्या ठिकाणी ठेवलेला बॅकअप ही सर्व कामे तुमची. मेलसाठी वेगळी सेवा घ्यावी, कारण अनेक पुरवठादार पोर्ट 25 (मेल पाठवण्याचा मार्ग) बंदच ठेवतात.

ऊसमळा

दोघांचे मनःपूर्वक आभार. दुपारचा लॉग पाहिला. निम्म्याहून अधिक विनंत्या परदेशी एसईओ साधनांच्या बॉटांच्या आणि एआय कंपन्यांच्या बॉटांच्या आहेत. त्याखालोखाल संकेतस्थळाच्या अंतर्गत शोधाची पाने मागणाऱ्यांचा क्रमांक लागतो. 'गुगलबॉट' नावाच्या बऱ्याच नोंदी उलट्या शोधात टिकल्या नाहीत. खरे वाचक मोजकेच असून त्यांची पाने कॅशमधून, म्हणजे आधीच तयार ठेवलेल्या प्रतींतून जातात.

शोधयात्री

मग क्रम उघड आहे. जे बॉट नियम पाळतात त्यांना रोबॉट्स फाइलमधून (कोणी कोणती पाने वाचू नयेत हे सांगणाऱ्या फाइलमधून) आणि जे पाळत नाहीत त्यांना फायरवॉलमधून अडवा. अंतर्गत शोधाची पानेही रोबॉट्स फाइलमध्ये बंद करा. त्यानंतर एक-दोन आठवडे 508 ची संख्या पाहा. ती शून्याजवळ आली तर व्हीपीएसचा खर्च पुढे ढकलता येईल.

सर्व्हरच्या जागेविषयी सांगायचे तर गुगलबॉट बहुतांशी अमेरिकेतील आयपींवरून येतो, त्यामुळे मुंबईतील सर्व्हरमुळे क्रॉलिंगला फायदा होत नाही. वाचकाला मात्र होतो, कारण सांगलीतील मोबाइलपासून मुंबईपर्यंतची फेरी सिंगापूरपेक्षा लहान असते. पानातील सर्वांत मोठा घटक 2.5 सेकंदांच्या आत दिसावा, ही गुगलची अपेक्षा साध्या मोबाइलवर पूर्ण करताना तेवढा फरकही उपयोगी पडतो.

टर्मिनलकाका

पुढे कधी स्थलांतर केलेच, तर आदल्या दिवशी डीएनएसचा टीटीएल (सर्व्हरचा पत्ता इतरांनी लक्षात ठेवण्याची मुदत) 300 सेकंदांवर आणा, जुना सर्व्हर किमान आठवडाभर चालू ठेवा आणि त्याच्या लॉगमधील गुगलबॉट थांबल्यावरच तो बंद करा. डेटाबेस उतरवताना आणि चढवताना दोन्हीकडे अक्षरसंच यूटीएफ8एमबी4 असल्याची खात्री करा. तो चुकला तर मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे येतात आणि एकदा ती डेटाबेसमध्ये साठवली गेली, की बॅकअपशिवाय मूळ अक्षरे परत मिळत नाहीत.