केनियात कारखान्यावर सोलर: डॉलरमधला १५ वर्षांचा करार करावा का?

नमस्कार. नैरोबीजवळ अथी रिव्हरला प्लास्टिकच्या कारखान्यात मेंटेनन्स बघतो. मूळचा इचलकरंजीचा. शेठ सोलरच्या मागे लागलेत आणि कागद माझ्या टेबलावर येऊन पडलेत. मला मोटारी कळतात, करार कळत नाहीत.

दिवसाचा लोड ४५० किलोवॅटच्या आसपास, रविवारी बंद. इथल्या बिलात युनिटच्या दराखाली इंधन आकार, परकीय चलनाचा आकार, महागाईचा आकार, वर १६ टक्के व्हॅट अशी लांबलचक शेपटी असते. दर तोच राहतो, शेपटी दर महिन्याला वेगळी. शिवाय वीज गेली की मशीनच्या बॅरलमध्ये वितळलेला माल थिजतो, मग पोरं पितळी सळईने खरवडत बसतात. २०२३ च्या ऑगस्ट, नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये तर देशभर अंधार झाला होता.

एका कंपनीची ऑफर आहे: ९०० किलोवॅट, सगळा खर्च त्यांचा, आम्ही युनिटमागे पैसे द्यायचे. दर डॉलरमध्ये, दरवर्षी ३ टक्के वाढ. आणि एक कलम असं की आम्ही वीज वापरली नाही तरी ती वापरली असं धरून बिल लागणार! विक्रीवाला म्हणतो, जास्तीची ग्रीडला द्या. पण इथे २०२४ च्या नेट मीटरिंग नियमांत ग्रीडला दिलेल्या युनिटपैकी निम्मीच जमा धरतात. म्हणजे रविवारी ३,६०० युनिट झाली तर १,८०० गेली, आणि पैसे मात्र ३,६०० चे. नाशिकला भावाने घरावर पॅनल बसवले तेव्हा एकास एक वजावट मिळाली होती, मी त्याच हिशोबात होतो.

हे कलम सगळेच घालतात का? की कर्ज काढून स्वतःचंच छोटं बसवावं? आफ्रिकेत काम केलेल्यांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

हे कलम केनियाने मोठ्या मापात भोगलंय. तुर्काना सरोवराजवळच्या प्रकल्पाच्या ३६५ पवनचक्क्या, ३१० मेगावॅट, उभ्या राहिल्या. नैरोबीकडच्या सुस्वापर्यंतची चारशेहून जास्त किलोमीटरची लाइन मात्र सप्टेंबर २०१८ मध्ये चालू झाली. तोवर न घेतलेल्या विजेचे पैसे द्यावे लागले. कर्ज देणाऱ्यांना हमी हवी असते, त्यामुळे कलम पूर्ण निघणार नाही. रविवार, सुट्ट्या आणि वार्षिक शटडाऊन त्यातून वगळून घ्या, आणि ९०० चं खूळ सोडा. ४०० च्या आत राहिलात तर रविवार सोडून जवळजवळ सगळी वीज आतच खपेल.

डॉलरचं म्हणाल तर २०२४ च्या जानेवारीत तो १६० शिलिंगांवर होता, काही महिन्यांत १३० वर आला. पण ग्रीडच्या बिलातही परकीय चलनाचा आकार आहेच, त्यामुळे डॉलरपासून सुटका कुठेच नाही. दरवाढीला वरची मर्यादा मागा.

प्रतिसाद २

२०१९ च्या ऊर्जा कायद्यात स्वतःच्या वापरासाठी १ मेगावॅटपर्यंत परवाना लागत नाही. मात्र इथे छप्पर तुमचं आणि वीज विकणारा तो, म्हणून त्याच्याकडे नियामकाचा, म्हणजे एप्राचा, कागद आहे का ते आधी बघा.

दुसरं, वीज गेली की साधा ग्रीड-टाय, म्हणजे ग्रीडला जोडूनच चालणारा, इन्व्हर्टर स्वतःच बंद होतो, भर दुपारीसुद्धा. तुमच्या थिजलेल्या बॅरलवर तो उपाय नाही. वीज गेल्यावर सोलरला जनरेटरशी जुळवणारा कंट्रोलर ऑफरमध्ये आहे का?

धागाकर्ता

दोघांचे आभार. कंट्रोलर नाही, आत्ताच चौथ्या पानावर शोधला. चिलरचा काही लोड रात्री १० नंतर हलवता येईल, तेव्हा आम्हाला ठरावीक मर्यादेच्या वर वापरलेल्या युनिटला निम्मा दर पडतो. ते आधी करतो, फुकट आहे. शेठना ४०० चं नवं कोटेशन मागायला सांगतो. पत्र्यावर चढून आलो, अर्धे स्क्रू गंजलेत, तो खर्च कुणाचा हेही करारात कुठे लिहिलेलं नाही.