समलिंगी हक्कांची चळवळ उभी कुठे राहिली: बारमध्ये की कोर्टात?

रातवा
दर जूनमध्ये न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल या समलिंगी बारवर लेख येतात. २८ जून १९६९ च्या पहाटे पोलीस आले, लोक भिडले, चळवळ पेटली. ही माणसं तिथे नाचायला आली होती, हे मात्र लिहिणारे घाईघाईत उरकतात. माझं म्हणणं असं की अमेरिकेतले समलिंगी बार ही नुसती घटनास्थळं नव्हती, त्या संस्था होत्या.

सॅन फ्रान्सिस्कोचा ब्लॅक कॅट बार घ्या. परवाना निलंबित झाल्यावर मालक कोर्टात गेला. केवळ समलिंगी गिऱ्हाईकं जमतात म्हणून परवान्यावर कारवाई करता येणार नाही, असं कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये सांगितलं. याच बारमध्ये होजे सारिया स्त्रीवेषात ऑपेराची विडंबनं करायचा आणि बार बंद करताना सगळ्यांना उभं करून एकत्र गायला लावायचा. १९६१ मध्ये तो शहराच्या निवडणुकीला उभा राहिला. पडला, पण साडेपाच हजारांवर मतं घेऊन. पुढच्या वर्षी बारवाल्यांनी टॅव्हर्न गिल्ड ही संघटना काढली. धाडीत कुणी पकडला गेला तर वकील आणि जामिनाची सोय ती बघायची. याला नुसती मौजमजा म्हणायचं का?

कायद्याचा_कीस
साफ असहमत. धंदा बुडतोय म्हटल्यावर कुठलाही मालक कोर्टात जातो. हक्काची भाषा बोलायला वेगळीच माणसं लागली. फ्रँक कॅमेनी हा खगोलशास्त्रज्ञ. लष्कराच्या नकाशा विभागातून १९५७ मध्ये त्याला समलिंगी म्हणून काढलं. वकिलाने हात टेकल्यावर त्याने सर्वोच्च न्यायालयाकडे स्वतः अर्ज लिहिला. १९६१ मध्ये न्यायालयाने तो ऐकायलाच नकार दिला. गडी बसला नाही. १७ एप्रिल १९६५ ला व्हाइट हाउससमोर फलक घेऊन मूठभर माणसं उभी राहिली, त्यात तो पुढे. पुरुष सुटाबुटात, बायका स्कर्ट-ब्लाउजमध्ये, कारण नोकरी मागायला आलेला माणूस नोकरी देण्याजोगा दिसला पाहिजे असा त्याचा आग्रह. १९७५ मध्ये नागरी सेवा आयोगाने समलिंगींना सरकारी नोकरी नाकारण्याचा नियम बदलला. हे नाचून झालेलं नाही.

आणि स्टोनवॉल चालवत होतं कोण? माफिया. दारूत पाणी आणि काउंटरमागे नळाला पाणी नाही! वापरलेले ग्लास तिथल्याच टबात बुचकळून पुढच्याला द्यायचे. पोलिसांना हप्ते जायचे ते वेगळेच.

सरळमार्गी
थोडक्यात, दारूच्या गुत्त्याचं उदात्तीकरण चाललंय. चालू द्या.

पारावरची
@सरळमार्गी, दोन बायकांनी हात धरून बसायला त्या काळात दुसरी जागा सुचवा, मग बोलू.

पण रातवा, तुमचा बार जरा जास्तच चकचकीत आहे. १९५५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आठ बायकांनी डॉटर्स ऑफ बिलिटिस ही समलिंगी बायकांची संघटना काढली, ती बारची कटकट नको म्हणून. धाडीची भीती न बाळगता कुणाच्या तरी घरी नाचता यावं, एवढीच सुरुवातीची अपेक्षा. (म्हणजे नाचायचं होतंच, हे कीस महाशयांनी नोंदवावं.) पुढे बार वाढले, तर तिथे दाराशी गोऱ्याला एक ओळखपत्र पुरायचं आणि काळ्याला दोन-तीन मागायचे. बारची आठवण काढायची तर दारातून परत पाठवलेल्यांचीही काढा.

रातवा
@पारावरची, मान्य. संस्था म्हटलं की तिचे दोषही आले.

@कायद्याचा_कीस, सुटाबुटाचीच गोष्ट पुढे नेतो. कॅमेनीचे लोक दर ४ जुलैला फिलाडेल्फियात इंडिपेन्डन्स हॉलसमोर शिस्तीत गोल फिरायचे. १९६९ ची फेरी स्टोनवॉलनंतर आठवड्याभरात आली. त्यात दोन बायकांनी हात धरले, तर कॅमेनीने येऊन ते सोडवले. न्यूयॉर्कहून आलेला कार्यकर्ता क्रेग रॉडवेल भडकला. पुढच्या वर्षी त्या फेऱ्या बंद आणि २८ जूनला ग्रीनिच व्हिलेजपासून सेंट्रल पार्कपर्यंत मोर्चा. आज जगभर निघतात ते प्राइड मोर्चे त्या मोर्चाच्या वंशातले आहेत, फिलाडेल्फियातल्या रांगेच्या नाहीत.

तिसरी_घंटा
तुम्ही दोघं रॉडवेलला वाटून घ्यायला निघालात. तो दोन्हीकडचा होता. २१ एप्रिल १९६६ ला तो आणि मॅटाशीन सोसायटी या समलिंगी हक्क संघटनेचे साथीदार टाय लावून न्यूयॉर्कचे बार पालथे घालत होते, पत्रकारांना सोबत घेऊन. जूलियस बारमध्ये त्यांनी आपण समलिंगी आहोत असं सांगून दारू मागितली. बारटेंडरने ग्लासावर पंजा ठेवला, तेवढ्यात छायाचित्रकाराने तो क्षण टिपला. नकार मिळावा म्हणूनच गेले होते, समलिंगी म्हणून दारू नाकारतात अशी तक्रार करायला आधार हवा ना!

कायद्याचा_कीस
टायचा मुद्दा माझ्या बाजूने धरतो. मोर्चा बारवाल्यांचा, हेही मानतो. पण नोकरीचा नियम मोर्चाने बदलला नाही, खटल्यांनी बदलला. शिवाय कॅमेनीचे फलक आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. बारचं काय ठेवणार?

रातवा
बारचं काही उरलं नाही, यातच तर मेख आहे. स्टोनवॉलच्या दाराशी वहीत सही करावी लागायची आणि लोक खोटी नावं लिहायचे. अर्ज करणाऱ्यांनी कागद मागे ठेवले. नाचणाऱ्यांना कागद नकोच होता, कारण धाडीत सापडलेल्यांची नावं-पत्ते वर्तमानपत्रं छापायची आणि दुसऱ्या दिवशी नोकरी जायची. मग इतिहासकाराच्या हाती अर्जच लागणार.

पारावरची
कागद नसतो तिथे प्रेतंही बेवारस राहतात. न्यू ऑर्लिन्सच्या अपस्टेअर्स लाउंज या समलिंगी बारला २४ जून १९७३ ला आग लागली, ३२ जण गेले. काहींचे मृतदेह घ्यायला घरचे आले नाहीत, काही चर्चनी प्रार्थनासभेला जागा दिली नाही. स्टोनवॉलला सरकारने २०१६ मध्ये राष्ट्रीय स्मारक केलं. अपस्टेअर्सचं नाव या धाग्यावर माझ्याआधी कुणी काढलं का?

कायद्याचा_कीस
नाही काढलं. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो. इथे माझा मुद्दा कायम: नियम कोर्टात बदलले.